दुपंखी की तिपंखी

अरे पंखेवाल्या,

आज सकाळी भिंतीवर दोनदा टकटक झाली आणि मी काय करावं? रेडिओ बंद केला, छताचा पंखा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटण खाली पाडलं आणि खुर्चीत हात बांधून गप्प बसले. बराच वेळ बसले. ‘झालं’ सांगणारी एक टकटक काही येईना. मग भिंतीत ड्रिल घुरघुरायला लागलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नवा भाडेकरू फोटो लावत होता. तू जाऊन वर्ष उलटलं, आणि मी अजून तुझ्या खुणेवर फ्रिज बंद करते. स्वतःचाच राग आला, म्हणून हे लिहायला बसले. राग आला की मला बरं लिहिता येतं.

तुझीच गोष्ट तुला सांगणार आहे. तू म्हणशील, मला माहीत आहे ती. तुला आकडे माहीत आहेत, गोष्ट नाही. शिवाय हे कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडले तर त्यालाही काही कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. ठाऊक असेल तेवढं सोडून पुढे जा.

तू शेजारी राहायला आलास तेव्हा मला वाटलं, भिंतीपलीकडे कुणी पिठाची गिरणी टाकली आहे. घुर्र सुरू व्हायचं, चढत जायचं, चढत जायचं आणि एकदम थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. सलग आवाजाची माणूस सवय करून घेतो. हे म्हणजे शेजारच्याला शिंक येणार, येणार, आणि येतच नाही, तसं. आठवडाभर सोसलं आणि तुझं दार वाजवलं.

तू दार वीतभर उघडलंस. चष्मा, वाढलेली दाढी, गळ्यात हेडफोन, आणि बाहेर एवढा उकाडा असताना अंगात स्वेटर.

“काकू, जरा थांबता का? रन चालू आहे.”

“कोण पळतंय?”

“कार्ड.”

मी तुझ्याकडे नुसती बघत राहिले. तुलाही ते फार शहाणपणाचं वाटलं नसावं, कारण तू म्हणालास, “बरं, आत या. पण चटकन. आणि त्या पलीकडच्या भिंतीला उभ्या राहा.”

“का?”

“तुमच्यामुळे खोली तापते. माणूस नुसता उभा राहिला तरी शंभर वॅटचा बल्ब असतो. मशीनपाशी आलात तर वाचन बिघडेल.”

मला आयुष्यात लोकांनी पुष्कळ काही म्हटलं आहे. आमच्या कचेरीतल्या बड्या बाबूने तोंडावर कैदाशीण म्हटलं होतं. बल्ब कुणी म्हटलं नव्हतं. मी मुकाट्याने भिंतीला जाऊन उभी राहिले. नोकरीभर हवामान कार्यालयात तापमापक वाचलेली बाई मी. तापमापक ठेवलेल्या पेटीच्या झडपा उघडल्या की आपला श्वास पाऱ्याला लागू नये म्हणून तोंड फिरवायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलेलं. त्यामुळे तुझं बोलणं मला वेडेपणाचं वाटलं नाही. तुझा वेडेपणा वेगळाच होता, आणि तो कळायला वेळ लागला.

खोली मी तेव्हाच नीट पाहून घेतली. खिडक्यांना जाड कागद डकवलेला. एसी कायम एकाच आकड्यावर. मधोमध लांब टेबल आणि त्यावर झाकण नसलेलं कंप्यूटर, शस्त्रक्रियेला घेतल्यासारखं पोट उघडं. भिंतीला लागून खोक्यांची उतरंड. खोक्यांवर गरुड, ड्रॅगन, चिलखतवाल्या बाया. बसायला एक खुर्ची, झोपायला एक गादी, प्यायला एक मग. दुसऱ्या माणसाची सोय कुठेच नव्हती. वॅट वाढले असते ना.

तुझं काम तू मला समजावून सांगितलंस, आणि मीही समजेपर्यंत सोडलं नाही. कंप्यूटरवर खेळ खेळतात, त्यातली चित्रं रंगवायला आत एक वेगळं कार्ड लागतं. सगळ्यात महागडं कार्ड श्रीमंताची पोरं घेतात, सगळ्यात स्वस्त घेऊन लोक पस्तावतात, आणि उरलेली दुनिया मधल्या किमतीचं कोणतं घ्यावं म्हणून डोकं खाजवत बसते. या उरलेल्या दुनियेसाठी तू एका वेबसाइटवर लिहायचास. गंमत अशी की मधल्या किमतीच्या साताठ कार्डांच्या पोटात चिप एकच. एक कंपनी तिच्यावर दोन पंखे बसवते, दुसरी तीन. ही कारखान्यातच तिला थोडी जास्त पळवते, ती आणखी थोडी, आणि खोक्यावर लिहिते ‘ओव्हरक्लॉक’, म्हणजे घड्याळाच्या पुढे पळणारी.

“म्हणजे दूध एकच, पिशव्या वेगळ्या,” मी म्हटलं.

“तसंच अगदी नाही, काकू.” मग जरा थांबून, “पण जवळपास तसंच.”

त्या पिशव्यांमध्ये उजवं-डावं करायचं, हे तुझं पोट भरायचं साधन. कारखान्याने पळवलेली चिप तू आणखी पळवायचास, थोडी थोडी, पडद्यावर रंगीत चौकोन उमटेपर्यंत किंवा सगळं काळं होऊन बसेपर्यंत. मग एक पायरी मागे यायचं आणि लिहायचं, हे कार्ड इथपर्यंत जातं, इतकं तापतं, इतकं बोंबलतं. दोन कार्डांतला फरक किती, तर सेकंदाला साठेक चित्रांमागे दोन, फार तर तीन.

“डोळ्याला दिसतो?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मोजला की दिसतो.”

मला ते पटलं. माझीही सगळी नोकरी डोळ्याला न दिसणाऱ्या अर्ध्या अंशावर गेली.

फ्रिजचं प्रकरण त्यानंतरचं. आवाज मोजायचा तर खोली मुकी हवी. तू तेवढ्यापुरता एसी बंद करायचास, फ्रिज बंद करायचास, श्वाससुद्धा बेताने घ्यायचास. पण भिंतीपलीकडे माझा रेडिओ. म्हणून आपला करार झाला: दोन टकटक म्हणजे काकू गप्प, एक टकटक म्हणजे काकू मोकळ्या. लोकांची ओळख बोलण्यातून वाढते, आपली गप्प बसण्यातून वाढली. तू आवाज मोजणाऱ्या यंत्राचा काटा बघत बसलेला, मी भिंतीच्या अलीकडे हात बांधून. खरं सांगू? पुष्कळ दिवसांनी कुणाला तरी माझ्या गप्प बसण्याची गरज होती. एरवी मी गप्प बसले काय, बोलले काय, भिंतींना काही फरक पडत नव्हता.

तुझा फ्रिज मात्र तू बंद केलास की बंदच राहायचा. दर आठवड्याला तुझं दूध नासायचं, आणि मी माझ्यातलं अर्धं लिटर तुझ्या दाराशी ठेवायची. कार्डाचा अंश न अंश सांभाळणारा माणूस, आणि अंडी सडेपर्यंत पत्ता नाही.

मग घोडा.

मोजणी सारखी व्हायची तर सगळ्या कार्डांना एकच वाट चालायला लावली पाहिजे. तू एका खेळातली वाट धरली होतीस. गावाच्या वेशीतून एक घोडेस्वार निघतो. पाऊस पडतोय, कारण पाणी रंगवणं कार्डाला सगळ्यात जड जातं असं तू म्हणायचास. नदीकाठाने, झाडीतून, लाकडी पुलावरून तो जातो आणि एका जुन्या पाणचक्कीच्या दाराशी थांबतो. प्रत्येक कार्डावर तीन वेळा. मी माझ्या भिंतीला उभी राहून (पुढे तू तिथे माझ्यासाठी एक स्टूल आणलंस, कार्डाच्या खोक्यांशिवाय त्या घरात आलेली पहिली वस्तू) ती वाट इतकी पाहिली की कुठल्या झाडाशी घोडा मान हलवतो ते मला पाठ झालं.

“चक्कीत काय आहे?” मी एकदा विचारलं.

“माहीत नाही.”

“म्हणजे? इतक्या वर्षांत आत गेलाच नाहीस?”

“रन तिथे संपतो, काकू. आत गेलं तर पुढचं पान उघडतं, मेमरी बदलते. मोजणी जुळत नाही.”

“कामाच्या वेळी नको. सुट्टीच्या दिवशी?”

नंतर माझ्या लक्षात आलं, तुला सुट्टीचा दिवस नव्हता. फक्त रविवारची दुपार होती, आणि ती साहेबांची.

साहेब म्हणजे तुझी लेक. सातवी-आठवीतली, आईबरोबर दुसऱ्या शहरात राहणारी. तिच्या आईचं नि तुझं का फाटलं ते मी कधी विचारलं नाही. ती एकच खुर्ची पाहिल्यावर फारसं विचारण्यासारखं उरलं नव्हतं. दर रविवारी दुपारी तुझा फोन वाजायचा आणि तू दाढी खाजवत म्हणायचास, “बोला साहेब.” तेवढ्यापुरता तुझा आवाज चढायचा आणि मला भिंतीतून ऐकू यायचा. एका रविवारी मी दूध द्यायला आले होते. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू.

“बाबा, माझ्या कंप्यूटरवर तुझा घोडा उघडतच नाही रे. नुसती काळी खिडकी.”

“त्यात कार्ड नाही म्हणून.”

“मग एक सांग ना. तू तर तेच करतोस. म्हणजे आपण दोघं मिळून खेळू. त्याच्यात दोघांना जाता येतं, माझ्या मैत्रिणीने सांगितलंय. तू तुझा घोडा घे, मी माझा.”

मी तुझं तोंड पाहिलं. असं तोंड मी फक्त पहिल्या पगाराच्या दिवशी लोकांचं पाहिलं होतं.

“सुट्टीच्या आत पाठवतो, साहेब. सगळ्यात चांगलं.”

इथेच घोडं पेंड खायला लागलं. ‘सगळ्यात चांगलं’ म्हणालास तिथे.

पहिल्या झटक्यात तू दोन कार्डं वेगळी काढलीस. एक दोन पंख्यांचं, एक तीन पंख्यांचं. त्यांची खरी नावं एवढी लांबलचक होती की मी त्यांना दुपंखी आणि तिपंखी करून टाकलं, आणि पुढे तूही तेच म्हणायला लागलास. दुपंखी आखूड, लेकीच्या कंप्यूटरच्या लहान डब्यात सहज बसणारी, पण तापट. तिपंखी थंड, शांत, आणखी पळवली तरी कुरकुर न करणारी, पण लांब. डब्यातली एक जाळी काढली तरच बसणार, आणि ती जाळी निघते की नाही ते तुला इथे बसून कळेना. तू तसलाच डबा विकत आणलास, फक्त जाळी काढून बघायला. निघाली. मी म्हटलं, झालं, तिपंखी पाठव.

“पण हा आपल्याकडचा नग कंपनीने निवडून पाठवलेला असणार, काकू. तपासणाऱ्यांना चांगलेच नग देतात. दुकानातला असा निघेलच असं नाही.”

म्हणून तू दुकानातून आणलास. दोन्हींचे. ते वेगळेच निघाले: दुकानातली दुपंखी कंपनीच्या दुपंखीपेक्षा थंड, आणि तिपंखीचा एक पंखा ठरावीक वेगाला बारीक चिवचिवणारा. तू तिपंखी बदलून आणलीस. तेवढ्यात कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तुझे आधीचे सगळे आकडे शिळे झाले. पुन्हा वेशीपासून चक्कीपर्यंत. पुन्हा पाऊस. पुन्हा दोन टकटक. मग कुठून बातमी आली की पुढल्या हंगामात नवी चिप येणार आहे. थांबावं का? तू मला विचारलंस. मला. मी अजून रिमोटवर चुकीचं बटण दाबणारी.

रविवार मात्र थांबत नव्हते.

“बाबा, ठरलं?”

“दोनच उरलीत, साहेब. या आठवड्यात सांगतो.”

“दोनच उरलीत असं तू मागेही म्हणाला होतास.”

“आता खरंच दोन.”

एकदा मी तिथेच आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “आजी, तुम्ही सांगा ना बाबाला. कुठलंही चालेल.”

फोन ठेवल्यावर तू स्क्रू फिरवायला लागलास. मग म्हणालास, “कुठलंही कसं चालेल?”

“तिला चालेल म्हणते आहे ती.”

“तिला कळत नाही, काकू. घेतल्यावर तापायला लागलं, मधेच बंद पडलं, तर? ती म्हणेल, माझा बाप हेच काम करतो आणि त्याने मला हे दिलं.”

मग आलं लक्षात. दोन चित्रांच्या फरकाची तुला भीती नव्हतीच. ती पोर तुला जे म्हणून ओळखत होती ते हे एवढंच: कार्डातला माणूस. तिच्या शाळेत कुठले धडे, तिला कोणता रंग आवडतो, तिचा दात कधी पडला, त्यातलं तुझ्या वाट्याला काही आलं नव्हतं. ज्या एका गोष्टीत बाप म्हणून बरोबर ठरता येईल, तिथे चूक होऊन चालणार नव्हती. तरीही माझं तोंड गप्प बसलं नाही.

“माझं ऐक,” मी म्हटलं. “आम्ही रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज द्यायचो. ढग स्पष्ट असोत नसोत, यंत्र बिघडलेलं असो, साहेब रजेवर असो. संध्याकाळ झाली की अंदाज गेलाच पाहिजे. पुष्कळदा चुकायचा. लोक शिव्या द्यायचे, छत्र्या नाचवून दाखवायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचे. का? तर रोज यायचा म्हणून. तू तीन महिने ढग मोजतोयस आणि पोर दारात उभी आहे, छत्री घेऊ की नको विचारत.”

“तुमचा अंदाज चुकला तर फार तर कोणी भिजायचं.”

“आणि तुझा चुकला तर?”

तू स्क्रू गोळा करून डबीत टाकलेस.

“वाळवून घेईल रे ती,” मी म्हटलं. “पोरं वाळतात.”

तू हसलास. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर दोन टकटक झाल्याच.

शेवटी ठरलं. तिपंखी, दुकानातली, दुसऱ्यांदा बदललेली. तू ती दिवसभर जोरात पळवलीस, मग किती पळवली तर वर्षानुवर्षं सुखात राहील तो आकडा ठरवलास आणि तिच्यातच बसवून टाकलास, म्हणजे लेकीला काही करावं लागू नये. खोक्यात कागद कोंबताना तू शीळ घालत होतास. रविवार होता. मला मुद्दाम बोलावलंस, स्टुलावर बसवलंस. वाचन बिघडण्याची चिंता त्या दिवशी नव्हती.

“बोला साहेब. ठरलं.”

“काय ठरलं?”

“कार्ड. उद्या निघतंय.”

पलीकडे मागे कुणीतरी भांडी आवरत होतं.

“बाबा, मी सांगितलं नाही का तुला? मामाने आणलं ना. सुट्टी लागली तेव्हाच. आम्ही बाजारात गेलो होतो, तिथे दुकान होतं, तर तो म्हणाला घे.”

तू खोक्यावरचा हात काढला नाहीस. “कोणतं आणलं?”

“थांब, बघते.” पावलं गेली, पावलं आली. “हिरव्या खोक्यातलं आहे. दोन पंखे आहेत.”

“ते तापतं,” तू म्हणालास. “डब्याच्या बाजूची झडप उघडी ठेवत जा. आणि मागची धूळ पुसत जा. ब्रशने, ओल्या फडक्याने नाही.”

“बरं.”

“घोडा उघडतो?”

“हो, केव्हाच. मी तर किती पुढे गेले आहे. मैत्रिणी आणि मी मिळून. डोंगरापलीकडे दुसरं शहर आहे, माहितीये?”

“आणि चक्कीत?” तुझा आवाज अगदी सहज होता. “चक्कीत काय आहे?”

“कुठली चक्की? हां, ती पुलाजवळची? काही नाहीये रे तिच्यात. नुसती पोती.”

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. ही म्हण त्या वेळी माझ्या जिभेवर आली होती आणि मी गिळली. मला फार थोड्या गोष्टी गिळता येतात, त्यातली ही एक.

पण तू गप्प बसणारा नव्हतास, हे मी तुझ्या बाजूने सांगते. आठ दिवसांनी तू माझ्या दाराशी आलास, काखेत तिपंखीचं खोकं. पुढच्या सुट्टीत साहेब दोन दिवसांसाठी इथे येणार होते, त्यांच्या आईने कबूल केलं होतं. तुझी योजना अशी: तिपंखी माझ्या जुन्या कंप्यूटरमध्ये बसवायची. लेक माझ्याकडे बसेल, तू तुझ्याकडे. मधे भिंत. दोघांचे घोडे एकाच वाटेवर.

“भिंत कशाला मधे? इथेच आण ना तुझं मशीन.”

“नको, काकू. एका खोलीत दोन मशीन म्हणजे फार तापतं.” मग हळूच, “आणि भिंत असली की टकटक करता येईल तिला.”

मी माझा कंप्यूटर तुझ्या स्वाधीन केला. त्यावर मी दोन मैत्रिणींना पत्रं लिहायची, त्यातली एक गेली आणि दुसरी उत्तर देत नाही, तेव्हा अडत काहीच नव्हतं. तू त्याचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलंस, आत डोकावलास आणि चक्‌ असा आवाज केलास.

“याचा पॉवर सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, फार लहान आहे. तिपंखी लावली तर विझेल. मोठा लागेल.”

“मग आण.”

“आणतो. तुम्ही बाजारातून काही आणू नका हां, काकू. कुठलाही देतात.”

एवढंच एक काम राहिलं होतं. बाजारात जायचं, मोठा पॉवर सप्लाय आणायचा, चार स्क्रू पिळायचे. पुढल्या आठवड्यात भिंतीपलीकडून वेगळाच आवाज यायला लागला आणि मी दार वाजवून बघितलं, तर टेबलावर तीन पॉवर सप्लाय एका ओळीत मांडलेले, आणि तू त्यातल्या एकाला कान लावून बसलेला. मी दूध ठेवून परत आले.

साहेब आले तेव्हा माझ्या कंप्यूटरचं पोट उघडंच होतं.

मला वाटलं होतं लहान पोर येईल. आली ती तुझ्या खांद्याला लागणारी मुलगी, लांब हातपाय, कुठे ठेवावेत ते न कळणारी. तुझ्यासारखीच. तुझं एकच मशीन, तिथे ती बसली, आणि तू माझ्या स्टुलावर. मी दारात. खिडक्यांचे कागद तू आदल्या दिवशी काढले होतेस. त्या खोलीत ऊन येतं हे मला तेव्हा कळलं.

ती वेशीतून निघाली. पाऊस पडत होता. पडद्याच्या कोपऱ्यात तुझे आकडे धावत होते: किती चित्रं, किती अंश. पहिल्याच वळणावर तिने घोडा वाटेवरून खाली घातला, तो थेट नदीत.

“अगं, तिकडे कुठे?” तू म्हणालास.

“पलीकडे पोहत जाता येतं, बाबा. तुला माहीत नाही?”

गंगेत घोडं न्हालं एकदाचं, मी मनात म्हटलं. पाणी अंगावर घेत घोडा निघाला आणि पडदा किंचित अडखळला.

“बघ, शेहेचाळीसवर आलं,” तू म्हणालास. “पाण्यात असं होणारच. आता काठाला लागलीस की चढेल.”

“बाबा, ते आकडे बंद कर ना.”

तू पुढे वाकून आकडे बंद केलेस. आणि मग, मी पाहत होते, तुला कुठे बघावं तेच कळेना. तू कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलास. तिने तुला डोंगर दाखवला, पलीकडचं शहर दाखवलं, एका माणसाला हाक मारून त्याच्याकडून टोपी मिळवली ती दाखवली. तू “अरे वा” म्हणत होतास. मशीन तापत होतं, त्याचे पंखे चढत होते, आणि तुझी मान नकळत आवाजाकडे कलत होती. एकदा तिनेही पंख्यांच्या आवाजाकडे तशीच मान कलती केली. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

निघताना ती माझा निरोप घ्यायला आली. कंप्यूटरचं उघडं पोट बघून म्हणाली, “आजी, हा चालू होणार होता ना?”

“तुझ्या बापाचं ठरत नाहीये, कुठला पॉवर सप्लाय ते.”

ती हसली. रागावून नाही, घरातल्या म्हाताऱ्याची जुनी खोड कुणी सांगावी तसं. “पुढच्या वेळी येईन तेव्हा तरी लावून ठेवा म्हणावं.” तिपंखीचं खोकं उचलून तिने उलटंसुलटं करून पाहिलं. “तीन पंखे. भारी आहे.” आणि नीट जागेवर ठेवलं.

त्यानंतर तुझी वेबसाइट बंद पडली. लोक आता वाचत नाहीत, बघतात, असं तू म्हणालास. समुद्रापलीकडच्या एका कंपनीने तुला कार्डं तपासायला बोलावलं: आवाज शिरणार नाही अशी खोली, एसी कधीच बंद न होणारा. माणसांना तिथे दरवाजाबाहेर थांबवतात म्हणे. तू पंधरवड्यात गेलास. खोकी कबाडीवाल्याने नेली, स्टूल माझ्याकडे आलं. टॅक्सी खाली उभी असताना तू वर परत आलास, धापा टाकत. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलेल हा.

“काकू, पॉवर सप्लायचं राहिलं. तिथे चांगली प्रयोगशाळा आहे. तिथून नक्की करून कळवतो. मग इथल्या दुकानातून माणूस पाठवतो, तो चार स्क्रू पिळून देईल. साहेब पुढच्या सुट्टीत येतील तेव्हा तुमच्याकडे बसतील, मी तिकडून येईन.”

“घोड्यावरून?”

“घोड्यावरून.”

“कुठलाही पाठव रे.”

“कुठलाही नको, काकू.”

तर असं आहे. लेकीचा मधूनमधून फोन येतो; हल्ली तुझ्यापेक्षा मलाच जास्त करते. विचारते, लावला का? पुढच्या महिन्यात तिला सुट्टी लागते आहे, आणि इथे यायचं तिच्या मनात आहे. मी काल तुला फोनवर लिहिलं: ठरला का? तिकडे मध्यरात्र असूनही तुझं उत्तर लगेच आलं, म्हणजे तू जागा होतास आणि एकटा होतास. “दोनच उरलेत, काकू. या आठवड्यात सांगतो.”

कंप्यूटरचं झाकण तू भिंतीला टेकवून ठेवलं होतंस, तिथेच आहे. केर काढताना मी ते उचलते, खालचा कचरा काढते, आणि परत तसंच टेकवून ठेवते.